तारखांची वही : सोलापुरातल्या एका पालिका नाट्यगृहाच्या भाडेवाढीचं प्रकरण

लोकप्रशासनात एम.ए. करताना कला व्यवस्थापन हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे प्रकरण मांडलं आहे. यातलं नाट्यगृह, माणसं आणि आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत. सोलापुरातल्या कुठल्याही एका सभागृहाचा हा हिशेब नाही. कायदे, नियम आणि शहराची परिस्थिती मात्र आहे तशी घेतली आहे.

प्रसंग

महापालिकेच्या मालकीचं ९०० आसनांचं वातानुकूलित नाट्यगृह. दिवसाला तीन सत्रं : सकाळ, दुपार, रात्र. भाडं सरसकट सत्राला १२,००० रुपये, स्थानिक हौशी संस्थांना निम्मं. सहा वर्षं दर बदललेले नाहीत. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की नाट्यगृहापायी पालिकेला वर्षाला ७६ लाखांची तूट येते. त्यावर भूमी व मालमत्ता विभागानं टिपणी केली : वर्षाचा खर्च १ कोटी १६ लाख, झालेली सत्रं ४१२, म्हणजे सत्रामागे सुमारे २८,२०० रुपये खर्च, सबब भाडं २५,००० करावं, आणि ते शक्य नसल्यास नाट्यगृह दहा वर्षांच्या करारानं खासगी चालकाकडे द्यावं.

बातमी बाहेर आली तशी हौशी नाट्यसंस्थांनी आयुक्तांना निवेदन दिलं. शाळांचे मुख्याध्यापकही भेटून गेले, कारण डिसेंबर-जानेवारीची स्नेहसंमेलनं तोंडावर होती. उपायुक्तांनी फाइल रोखून धरली आणि क्षेत्रकार्यासाठी पालिकेत आलेल्या एम.ए. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला सहा आठवड्यांत पर्यायी टिपणी तयार करायला सांगितलं.

आधी अधिकार कुणाचा ते पाहायचं

अशा फाइलवर पहिला प्रश्न येतो : हा खर्च पालिकेनं करायचाच कशाला? त्याचं उत्तर टिपणीच्या पहिल्या पानावर हवं. ७४व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांचे १८ विषय आहेत आणि त्यातला १३वा सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यं आहेत आणि कलम ६६ मध्ये पालिकेच्या मर्जीवर सोडलेली. नाट्यगृह दुसऱ्या यादीत बसतं. पाणी आणि गटार यांच्यानंतर पैसा उरला तर नाट्यगृह, असा क्रम त्यामुळे आपोआप लागतो, आणि तो क्रम मान्य करूनच टिपणी लिहावी लागते. कलेच्या थोरवीवर दोन परिच्छेद खर्च केले तर लेखा विभागाचा माणूस तिसऱ्या ओळीला पान उलटतो.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या ओनील स्कूलमध्ये आणि कार्नेगी मेलनच्या हाइन्झ कॉलेजमध्ये कला व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी सार्वजनिक धोरणाच्या विद्याशाखेत शिकवली जाते, त्यामागे हेच कारण असावं. नाट्यगृह चालवणाऱ्याला नाटक कळायला हवं, आणि अर्थसंकल्पातलं शीर्षही, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून येतो-जातो तेही, कळायला हवं. आपल्याकडे पहिलं असलेली माणसं भरपूर आहेत, दुसरं असलेलीही आहेत. दोन्ही एकाच खुर्चीत क्वचित बसतात.

दर ठरवण्याचा विषय आयुक्तांकडून स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभेपुढे जातो. सभागृहाची मुदत संपलेली असेल तेव्हा, जशी सोलापुरात मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक हे अधिकार वापरतो. त्या काळात निर्णय लवकर होतो, पण चर्चा होत नाही. म्हणून हरकती-सूचना मागवण्याचं काम टिपणी लिहिणाऱ्यानंच सुचवायचं असतं.

फाइलमध्ये नसलेला कागद

विभागाच्या टिपणीला वीजबिलं, पगारपत्रकं, दुरुस्तीची देयकं, सगळं जोडलेलं होतं. नव्हती ती तारखांची वही. व्यवस्थापकाच्या टेबलावरचं ते जाडजूड रजिस्टर, ज्यात कोणत्या दिवशी कोणत्या सत्रात कोण, एवढंच लिहिलेलं असतं. विद्यार्थिनीनं पहिले दहा दिवस फक्त ती वही संगणकावर उतरवून घेतली. आमच्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

देखभालीचे ३० दिवस सोडले तर वर्षाला ३३५ दिवस गुणिले तीन, म्हणजे १,००५ सत्रं उपलब्ध. वापर ४१२, म्हणजे ४१ टक्के. ही सरासरी काहीच सांगत नाही. शनिवार रात्र, रविवार दुपार आणि रविवार रात्र ही वर्षातली १४४ सत्रं वेगळी काढली तर त्यातली १३८ भरलेली, म्हणजे ९६ टक्के. उरलेल्या ८६१ पैकी २७४, म्हणजे ३२ टक्के. एकाच इमारतीत दोन नाट्यगृहं आहेत : एकात जागा मिळत नाही, दुसऱ्यात कुणी येत नाही. दोघांना एकच भाडं लावलं होतं आणि वाढवून पुन्हा एकच लावायचं चाललं होतं.

मग त्या १३८ सत्रांत कोण होतं? व्यावसायिक नाटकं ३१, गाणं-नृत्य २२, शाळा-महाविद्यालयं १९, हौशी नाट्यसंस्था ९. सत्कार, मेळावे आणि संस्थांचे वर्धापनदिन ३३. पालिकेचे आणि इतर शासकीय विनामूल्य कार्यक्रम २४. म्हणजे शनिवार-रविवारच्या मोक्याच्या १३८ तारखांपैकी ५७ तारखा अशा कार्यक्रमांना गेल्या, जे मंगळवारी सकाळीही तितकेच नीट झाले असते. मुंबई-पुण्याचा नाटकवाला मात्र मंगळवारी सकाळी प्रयोग लावू शकत नाही. हौशी नट दिवसभर नोकरी किंवा दुकान सांभाळतो, त्यालाही ते जमत नाही.

वही वाचताना एक गोष्ट सुटते, ती सांगायला हवी. रात्री साडेनऊच्या नाटकाचं नेपथ्य उभं करायला आणि प्रकाशयोजना लावायला तीन-चार तास लागतात. मोठा बॉक्स सेट, म्हणजे तीन भिंतींची खोली मंचावर उभी करायची असेल तर दुपारचं सत्र त्यातच जातं. वहीत ती दुपार रिकामी दिसते, पण ती विकता येत नाही. म्हणून नव्या वहीत ‘मांडणीसाठी अडकलेलं’ असा रकाना हवा. तो नसेल तर पुढचा अधिकारी रिकाम्या दुपारी पाहून अशक्य उद्दिष्ट ठरवतो आणि व्यवस्थापक ते गाठायला नाटकवाल्यांना मांडणीची वेळ नाकारतो.

२८,२०० रुपयांत काय चुकलं

खर्च दोन प्रकारचा. सत्र झालं न झालं तरी होणारा : व्यवस्थापक, विजेचे मिस्त्री, ध्वनीचा माणूस, पहारेकरी यांचे पगार ४६ लाख; वीजजोडणीचा स्थिर आकार, विमा आणि यंत्रांचे देखभाल करार १४ लाख; दुरुस्ती २० लाख. एकूण ८० लाख. सत्र झालं तरच होणारा : एसीची वीज सुमारे ५०० युनिट, १२ रुपयांनी ६,०००, दिवे आणि ध्वनी १,२००, सफाई १,५००, दारावरची माणसं १,८००, किरकोळ ५००. एसीसह ११,०००, एसीशिवाय ५,०००. वर्षात २६० सत्रं एसीची, १५२ बिनएसीची, म्हणून हा भाग ३६.२ लाख.

विभागानं दोन्ही एकत्र करून सत्रसंख्येनं भागलं. तो आकडा तूट समजायला ठीक, भाडं ठरवायला निरुपयोगी. जानेवारीतल्या बुधवारी सकाळी एखादी शाळा ७,००० रुपये देऊन एसीशिवाय सभागृह मागत असेल, तर पालिकेचा वाढीव खर्च ५,००० आहे आणि २,००० हातात पडतात. तिला परत पाठवलं तर पहारेकऱ्याचा पगार वाचत नाही.

आता २५,००० च्या दराचा उलट हिशेब. सध्याचं उत्पन्न : ३०५ सत्रं पूर्ण दरानं ३६.६ लाख, ६१ हौशी सत्रं निम्म्या दरानं ३.६६ लाख, एकूण ४०.२६ लाख. नव्या दरानं १६१ सत्रं भरली तरी एवढेच पैसे येतात. म्हणजे सशुल्क सत्रं ३६६ वरून १६१ वर आली तरी लेखा विभागाच्या तक्त्यात उत्पन्न घटलेलं दिसणार नाही. शहरातले दोनशे कार्यक्रम कुठे गेले हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नाही. शाळा मंगल कार्यालयात जातील. हौशी संस्थांना जायला जागाच नाही.

नाटकवाल्याच्या बाजूनंही मांडून पाहायला हवं. ९०० पैकी ५४० खुर्च्या भरल्या, सरासरी तिकीट २५० रुपये, तर गल्ला १ लाख ३५ हजार. त्यातून कलाकारांच्या नाइट (दर प्रयोगाचं मानधन), बस, नेपथ्याचा टेम्पो, मुक्काम, जाहिरात. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, मुंबईहून चारशे. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ५०० रुपयांपर्यंतचं नाटकाचं तिकीट करमुक्त असल्यानं भाड्यावर भरलेला कर आयोजकाला वळता करून घेता येत नाही, तो खिशातूनच जातो. आजचे १२,००० खरे १४,१६० आहेत, म्हणजे गल्ल्याच्या साडेदहा टक्के. २५,००० झाले की २९,५००, जवळपास बावीस टक्के. सोलापूरचा प्रयोग दौऱ्यातून गळायला एवढं पुरेसं आहे.

सुचवलेली रचना

विद्यार्थिनीच्या टिपणीत भाडं तीन तुकड्यांत तोडलं : तारीख कोणती, वापर कशाचा, वीज किती.

एसीशिवायचं मूळ भाडं, मोक्याच्या सत्राला : कलाप्रयोग १४,०००, शैक्षणिक १८,०००, सभा-समारंभ ३०,०००.
इतर सत्रांना : कलाप्रयोग ६,०००, शैक्षणिक ८,०००, सभा-समारंभ १५,०००.
स्थानिक हौशी संस्थांना कलाप्रयोगाच्या दराच्या निम्मं. शिवाय मोक्याची २० सत्रं वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांच्यासाठी राखीव.

एसी मीटरप्रमाणे. त्यासाठी एसीच्या पॅनेलवर स्वतंत्र मीटर बसवायचा, सत्राआधी आणि सत्रानंतर आयोजक आणि मिस्त्री या दोघांच्या सहीनं रीडिंग घ्यायचं. मोठ्या भाराचा मीटर सीटीवर (प्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालतो, तेव्हा रीडिंगला ज्यानं गुणायचं तो गुणक पॅनेलवरच रंगवून ठेवावा : सीटी ४००/५ ची असेल तर ८०. गुणक चुकला की पहिल्याच महिन्यात भांडण होतं आणि चांगली पद्धत बंद पडते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तापलेलं रिकामं सभागृह थंड व्हायला पाऊण तास लागतो. हा पाऊण तास पालिकेनं सोसावा असं सुचवलं, कारण तो छताचा आणि भिंतींचा दोष आहे, आयोजकाचा नव्हे. त्यापुढची प्रत्येक युनिट आयोजकाची. असं केलं की दोन तास आधीपासून एसी लावून ठेवण्याची मागणी आपोआप थांबते.

शासकीय विनामूल्य कार्यक्रम बंद करायला सांगणं व्यवहार्य नाही. पण ते फुकट नसतात. आज ४६ सत्रांचे १२,००० च्या दरानं साडेपाच लाख होतात आणि ते कुठल्याच वहीत नाहीत. सुचवलं असं की ज्या विभागाचा कार्यक्रम, त्याच्या अर्थसंकल्पी शीर्षातून भाडं नाट्यगृहाच्या शीर्षात वर्ग व्हावं. पैसा पालिकेतच फिरतो, पण रविवारच्या रात्रीसाठी ३०,००० स्वतःच्या शीर्षातून जाणार म्हटलं की विभागाला मंगळवार आठवतो.

सावध अंदाज असा : मोक्याची १३८ सत्रं पुन्हा वाटून व्यावसायिक नाटकं ४८, गाणं-नृत्य ३०, हौशी २०, शैक्षणिक १२, समारंभ २०, शासकीय ८. इतर सत्रं २७४ ची २५९ झाली, समारंभ थोडे घटले, असं धरलं. मूळ भाड्याचे ३९.४५ लाख आणि एसीचे १४.४ लाख मिळून ५३.८५ लाख. आजच्यापेक्षा साडेतेरा लाख जास्त, आणि इतर सत्रांना एकाही हौशी संस्थेचं एसीशिवायचं भाडं वाढलं नाही; फक्त मोक्याच्या सत्रांना ते ६,००० चं ७,००० झालं.

तूट उरते ६१ लाख. टिपणीत ती लपवलेली नाही, आणि हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की यंत्रमागावर एका माणसाचं उत्पादन वाढत जातं, पण चार पात्रांच्या नाटकाला चारच माणसं लागतात. पगार मात्र सगळीकडचे वाढतात. म्हणून सादरीकरणाच्या कलांचा खर्च उत्पन्नाच्या पुढे पळतच राहतो. ज्या शहरानं यंत्रमाग चालवले त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सत्राला सरासरी ४५० प्रेक्षक धरले तर ३९७ सत्रांना १ लाख ७८ हजार ६५० प्रेक्षक, म्हणजे दर प्रेक्षकामागे पालिकेचे सुमारे ३४ रुपये. सभेपुढे प्रश्न ठेवायचा तो असा : एका सोलापूरकराला एका संध्याकाळसाठी ३४ रुपये द्यायचे की नाही? ‘७६ लाखांचा तोटा’ या शब्दांवर मत देणं आणि या प्रश्नावर मत देणं यांत फार अंतर आहे.

खासगी चालकाचा पर्याय

पालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्यानं देण्याची चौकट अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये आहे, त्यामुळे हा पर्याय कायद्यात बसवता येतो. अडचण वेगळी आहे. चालकाला निश्चित रक्कम भरायची असते, आणि ती भरायचा सोपा मार्ग म्हणजे मोक्याची सगळी सत्रं समारंभांना देणं. करारात ‘कलेला प्राधान्य’ असं लिहून काही होत नाही. प्राधान्य मोजता येईल असं लिहावं लागतं. टिपणीनं मधला मार्ग घेतला : सफाई, एसीची देखभाल, वाहनतळ आणि उपाहारगृह निविदा काढून बाहेर द्यावं, तारखांची वही पालिकेनं हातातून सोडू नये. नाट्यगृहाचं धोरण म्हणजे शेवटी ती वहीच असते.

तारखावाटपाचे नियम आणि त्यातल्या पळवाटा

वाटप तिमाही. तिमाहीच्या ६० दिवस आधी दहा दिवस अर्ज, एका तारखेला अनेक अर्ज असतील तर सर्वांसमोर सोडत, आणि वाटपाचा पूर्ण तक्ता संकेतस्थळावर आणि नाट्यगृहाच्या दारावर. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगतंच. सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही लावावी. सोलापूरचा प्रेक्षक चार भाषांचा आहे आणि मराठी सूचना न पोचल्यानं एखादा मुशायरा किंवा तेलुगू नाटक तारखेला मुकत असेल तर ते पालिकेचं अपयश आहे. विडी कामगार स्त्रियांना रात्रीपेक्षा दुपारचं सत्र सोयीचं पडेल का, हे त्यांच्या वस्त्यांत जाऊन विचारायचं कामही टिपणीत व्यवस्थापकाकडे दिलं आहे.

पळवाटा दोन, दोन्ही जुन्या. पहिली : सत्कार समारंभात दोन गाणी घालून ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून कलाप्रयोगाचा दर मागणं. नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे राज्याच्या नाट्य सेन्सॉर मंडळाचं, प्रमाणपत्र लागतंच, ते अर्जासोबत घ्यावं. इतर कार्यक्रमांना निमंत्रणपत्रिका आणि कार्यक्रमपत्रिका. मंचावरचा निम्म्याहून जास्त वेळ सादरीकरणाचा नसेल तर दरातला फरक अनामतीतून वळता. दुसरी पळवाट : एकाच आयोजकानं पाच नावांनी तारखा धरून ठेवणं आणि पुढे विकणं. त्यावर पॅननिहाय तिमाहीला मोक्याची चारच सत्रं, व्यावसायिक नाटकासाठी निर्मात्याचं संमतीपत्र, आणि तारीख हस्तांतरित करायला पूर्ण बंदी. रद्द केली तर ३० दिवस आधी एक चतुर्थांश कपात, १५ दिवस आधी निम्मी, त्यानंतर पूर्ण. शासकीय कामासाठी दिलेली तारीख काढून घ्यायची वेळ आली तर पूर्ण परतावा आणि पुढच्या तिमाहीत सोडतीशिवाय तारीख.

रात्रीच्या प्रयोगाबद्दल एक गैरसमज वारंवार आडवा येतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे २००० सालचे नियम बंदिस्त सभागृहाच्या आतल्या वापराला लागू नाहीत. साडेनऊचं नाटक बारापर्यंत चालू शकतं; व्हरांड्यातले कर्णे मात्र बंद हवेत.

इमारत

भाडं वाढवून पंखे बंद असतील तर कुणीही ऐकून घेणार नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. नाट्यगृहाला दर आसनी दिवसाला १५ लिटर धरतात. ९०० आसनांना १३,५०० लिटर. पाच दिवसांचा खंड धरला तर साठवण ६७,५०० लिटरची हवी. स्वच्छतागृहाच्या बहुतेक तक्रारी सफाईच्या नसून टाकीच्या असतात. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र २००६ च्या कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. जानेवारीत स्नेहसंमेलनं आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा एकाच वेळी, म्हणून तपासणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकावी. देखभालीचे ३० दिवस दोन भागांत : छताचं आणि एसीचं काम मेमध्ये दहा दिवस, मंच, पडदे, विंगा आणि डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) यांचं आषाढात वीस दिवस. तेव्हा मागणी सर्वांत कमी असते, आणि वारीमुळे जिल्हा प्रशासनाचे कार्यक्रमही नसतात.

पहिल्या वर्षी काय मोजायचं

दर तिमाहीला चार आकडे सभेपुढे : मोक्याच्या सत्रांतला कलाप्रयोगांचा वाटा, इतर सत्रांचा वापर, विभागांच्या शीर्षातून वर्ग झालेली रक्कम आणि दर प्रेक्षकामागची तूट. उत्पन्न वाढलं पण पहिला आकडा ७० टक्क्यांच्या खाली घसरला, तर दर तसेच ठेवून वाटपाचे नियम बदलायचे. हौशी संस्थांसाठी राखलेल्या २० पैकी १५ पेक्षा कमी सत्रं वापरली गेली तर कारण शोधायचं. बहुधा ते तालमीच्या जागेत सापडेल. त्यासाठी एसी बंद आणि फक्त कामाचे दिवे लावून सकाळचं सत्र १,५०० रुपयांत देण्याचा प्रस्ताव परिशिष्टात जोडला आहे. तो दर ५,००० च्या वाढीव खर्चाखाली जातो अशी हरकत लेखा विभाग घेईल. तालमीला दारावर माणसं लागत नाहीत, सफाई मंचापुरती असते आणि वीज शंभर रुपयांच्या आसपास, हे देयकांसह तिथेच दाखवलेलं आहे.